शुक्रवारची वही आणि कचेरीची खिडकी

आमच्या चर्चमध्ये दर शुक्रवारी दुपारी उपास प्रार्थना असते आणि त्यातला मधला एक तास फक्त दुसऱ्यांसाठी ठेवलेला असतो. आपली गुडघेदुखी, आपल्या पोराची नोकरी, आपलं कर्ज हे सगळं त्या तासाच्या आधी नाहीतर नंतर मांडायचं. त्या तासात फक्त मध्यस्थी, दुसऱ्याचं नाव घेऊन देवापुढं उभं राहायचं. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाचं काम बघते, शुक्रवारचा हाफ डे त्यासाठी मागून घेतलाय, आणि ह्या एका तासानं मला कुठं कुठं नेलं, हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत, इकडच्या नाडकचेरीत (म्हणजे कर्नाटकातली महसूल कचेरी), बँकेत, एका दिराच्या ओसरीवर, ते नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते. आमच्याच मंडळीत दोन प्रकारची माणसं आहेत, एक म्हणतात प्रार्थना केली की झालं, बाकी देव बघून घेतो, दुसरे म्हणतात नुसते डोळे मिटून काय होतंय, उठा आणि कामाला लागा. मला दोन्ही पटत नाही.

मध्यस्थी मला शिकवली ती आमच्या आत्यांनी. सख्ख्या नव्हेत, सगळी मंडळीच त्यांना आत्या म्हणते. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्या नर्स होत्या (डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल, आपल्या भागातल्या किती पिढ्या तिथं जाऊन आल्यात), रिटायर होऊन बेळगावला आल्या आणि शुक्रवारचा तो तास त्यांनी हातात घेतला. त्यांच्याकडं एक वही असते, साधी शाळेची. त्यात फक्त नाव आणि तारीख लिहायची. आजार काय, भांडण कशावरून, कर्ज किती, हे वहीत लिहायचं नाही, आणि ज्याचं नाव लिहायचं त्याला आधी विचारायचं, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का म्हणून. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते कारण आता व्हॉट्सअ‍ॅपवर प्रार्थनेची विनंती म्हणून लोक दुसऱ्याच्या घरातलं सगळं पाठवून देतात, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचा रिपोर्ट काय आला, आणि संध्याकाळपर्यंत ते कॅम्पपासून अनगोळपर्यंत पोचलेलं असतं. आत्या म्हणतात, त्या माणसाची अब्रू आधी झाका आणि मग त्याच्यासाठी गुडघे टेका.

तास सुरू झाला की पहिल्यांदा काही वेळ कुणीच बोलायचं नाही. मग एक स्तोत्र वाचायचं. मग एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं, एकदाच, आणि परत गप्प. सुरुवातीला हे गप्प बसणं फार जड जातं. आपल्याला सवय असते देवाला सांगायची, प्रभू असं कर, तसं कर, डॉक्टरला बुद्धी दे, साहेबाचं मन फिरव. आत्यांनी शिकवलं की आधी विचारा, प्रभू ह्या माणसासाठी तुझ्या मनात काय आहे, आणि ऐकायला वेळ द्या. त्या म्हणायच्या आपण काही नवीन सुरू करत नाही, बायबलात इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिलंय की ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे, म्हणजे त्या माणसाची बाजू तो आधीच पित्यापुढं मांडतोय, आपण फक्त त्याच्या मागं जाऊन उभं राहायचं. आणि शब्द सुचले नाहीत तरी घाबरायचं नाही, रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात आहे की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यावरचा भार केवढा उतरला ते सांगता येत नाही, कारण तोपर्यंत मला वाटायचं की माझे शब्द कमी पडले तर तो माणूस बरा होणार नाही.

माझ्या ऑफिसात एक कॅथलिक मैत्रीण आहे, कॅम्पातल्या फातिमा माऊलीच्या कॅथेड्रलला जाते. त्यांच्याकडं मरियेला आणि संतांना आमच्यासाठी विनंती कर म्हणतात, आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत तसं करत नाहीत, ह्यावर आमचं खूपदा बोलणं झालंय. पण एक गोष्ट दोघींनाही मान्य आहे, ती म्हणजे एकट्यानं तरून जायची ही श्रद्धाच नव्हे, कुणीतरी कुणासाठी तरी बोलत असतंच.

आता ज्या नावासाठी हे लिहायला घेतलं त्याकडं येते. आमच्या प्रार्थनेला एक कन्नड अक्का येतात, वडगावला राहतात. त्यांच्या शेजारी एक मराठी कुटुंब होतं, नवरा पॉवरलूमवर कामाला, बायको, दोन लहान मुलं. हिंदू घर, चर्चशी काही संबंध नाही. नवऱ्याच्या लिव्हरचा आजार वाढला तसं अक्कांनी त्यांना विचारलं, आमच्याकडं शुक्रवारी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का, ते म्हणाले चालेल की, देव कुठलाबी असो. वहीत नाव आलं. कितीतरी शुक्रवार आम्ही त्या माणसासाठी उभे राहिलो, काही जणी त्याच्यासाठी सकाळपासून पाणीसुद्धा न घेता यायच्या. शेवटी शेवटी त्यांना चंदगड तालुक्यात बहिणीच्या गावी नेलं, तिथल्या कुणाच्या तरी औषधानं गुण येईल म्हणून, आणि तिथंच ते गेले.

पुढच्या शुक्रवारी खोलीत सगळ्यांची तोंडं उतरलेली. एक जण म्हणाली मग एवढं मागून उपयोग काय झाला. आत्यांनी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, उगाच देवाची इच्छा वगैरे म्हणून झाकलंही नाही. त्या म्हणाल्या हा प्रश्न देवालाच विचारू, आणि त्या दिवशीचा तास त्यातच गेला, काही जणी रडल्या. उठताना मी वहीतलं ते नाव खोडायला पेन घेतलं कारण तसाच रिवाज असेल असं वाटलं, तर आत्या म्हणाल्या, नाव खोडायचं नसतं, त्याच्यापुढं तारीख घाल आणि खाली त्याच्या बायकोचं आणि लेकरांचं नाव लिही, आता ती आपल्याकडं सोपवलीत. आणि त्याच दिवशी त्यांनी दुसरी गोष्टही सांगितली. त्या वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, चर्चला या म्हणून कुणीही म्हणायचं नाही. तिच्या अडचणीला आपण अट लावायची नाही. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांकरता प्रार्थना करा असं आहे, त्यात मंडळीतल्या असं म्हटलेलं नाही.

वहिनींसाठी प्रार्थना करता करता एका शुक्रवारी, गप्प बसायच्या वेळात, अक्का एकदम म्हणाल्या, आपण तिच्यासाठी सांत्वन मागतोय, शांती मागतोय, पण तिला नक्की काय पाहिजे हे कुणी विचारलंय काय? कुणी विचारलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, मग हेच आजच्या प्रार्थनेचं उत्तर समजा, दोघी जा. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे ना, उघड्या आणि उपाशी माणसाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव असं म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, त्याचा काय उपयोग. अक्का आणि मी त्याच संध्याकाळी गेलो.

वहिनींनी आमच्यापुढं एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. त्यात रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, हॉस्पिटलचे रिपोर्ट, सगळं होतं, फक्त नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नव्हता. आणि तो नसल्यामुळं पुढचं सगळंच अडलेलं. इकडं विचारलं तर म्हणाले माणूस तिकडं वारला, नोंद तिकडंच होणार. ते खरंही आहे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याप्रमाणं जिथं मरण झालं तिथंच नोंद करायची असते, माणूस कुठला रहिवासी हे बघत नाहीत. तिकडं नणंदेनं विचारलं तर म्हणाले मुदत गेली. मुदत म्हणजे 21 दिवस. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत लेट फी भरून होतं, 30 दिवसांनंतर पण वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटून गेलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. आपल्या सीमाभागात हे किती घरांत होत असेल बघा, माहेर तिकडं, सासर इकडं, औषधाला मिरज नाहीतर कोल्हापूर, मरण कुठं येईल सांगता येत नाही आणि कागद मात्र त्याच गावाचा लागतो. त्यात एका माणसानं वहिनींना सांगितलेलं की पैसे टाका, मी करून देतो, आणि त्या गळ्यातलं विकायच्या विचारात होत्या.

वर्ष व्हायला अजून वेळ होता म्हणून आम्ही लगेच हाललो. मंडळीत एक वकील आहेत, त्यांनी कुठले कागद लागतील ते एका कागदावर लिहून दिलं आणि फी घेतली नाही. आम्ही तिघी वेंगुर्ला रोडनं एसटीनं निघालो. बाची संपलं की शिनोळी, तिथं महाराष्ट्र सुरू होतो. आमच्यासारख्या बायकांना ही हद्द तिकिटात कळते, इकडं कर्नाटकात शक्ती योजनेत सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, तिकडं महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट, आणि हद्द ओलांडून जायचं म्हटलं की वेगळा हिशेब. वहिनींकडं तेवढेही सुटे पैसे नव्हते.

निघायच्या आधी आम्ही एक गोष्ट पक्की केली होती. खिडकीवर आधी वहिनींनी बोलायचं. मला कागदपत्रांची सवय आहे, अक्कांना कन्नड येतं, आम्ही दोघी बोलायला लागलो तर वहिनी मागं उभ्या राहतील आणि त्यांचंच काम त्यांच्या डोक्यावरून जाईल. हे आम्हाला आदल्या शुक्रवारच्या वाचनातून मिळालं होतं, बायबलातल्या गणना पुस्तकाचा 27 वा अध्याय. सलाफहादाच्या पाच मुली, बाप वारलेला, भाऊ नाही, आणि बापाचं वतन जाणार म्हणून त्या पाचही जणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या, दाराशी लोकांचा पुढारी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतः बोलल्या, आमच्या बापाचं नाव का जावं, आम्हाला वाटा द्या. मोशेनं काय केलं, तर त्यांचा न्याय त्यानं परमेश्वरापुढं नेला. आणि परमेश्वर म्हणाला ह्या मुली बरोबर बोलतायत. मला हा भाग वाचून अंगावर काटा आला. बोलायचं त्यांनी, आणि देवापुढं घेऊन जायचं मोशेनं. मध्यस्थी करणाऱ्यानं त्यांचं तोंड बंद केलं नाही. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायात मुक्यांसाठी आपलं तोंड उघड असं सांगितलंय ते मी नाकारत नाही, पण ज्याला बोलता येतं त्याला बोलू देणं हेसुद्धा त्याच्या बाजूनं उभं राहणंच आहे असं मला वाटतं. वहिनी आधी म्हणाल्या, मी काय बोलू की, मला कुठं कळतंय त्यातलं. अक्का म्हणाल्या, तुमचा नवरा कधी आणि कसा गेला हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार वहिनी.

तिकडच्या ग्रामसेवकांनी नीट ऐकून घेतलं. घरी मरण झालेलं म्हणून डॉक्टरचा कागद नव्हता, तर पोलीस पाटलाचा दाखला, नणंदेचं निवेदन, प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडून परवानगीसाठी वर पाठवायला लागलं. त्यात दिवस जात होते. एकदा अधिकारी नाहीत, एकदा सुट्टी, एकदा एक सही राहिली. ज्या दिवशी आम्ही जायचो त्या दिवशी आत्या आणि आणखी दोघी घरी प्रार्थनेला बसायच्या. आमचं ठरलेलं, खिडकीवर नंबर आला की मी आत्यांना मिस कॉल द्यायचा, काम झालं की दुसरा. निर्गमाच्या 17 व्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेकाशी लढाई चाललेली असते, खाली यहोशवा लढतोय आणि वर टेकडीवर मोशे हात वर करून उभा, हात खाली आले की खाली हार व्हायला लागते, मग त्याला बसायला धोंडा देतात आणि अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. ह्या गोष्टीवर मी रविवारची प्रवचनं लहानपणापासून ऐकली. पण खाली उभं राहून, कुणीतरी वर हात धरून बसलंय हे माहीत असताना काय वाटतं ते मला त्या पंचायतीच्या बाकड्यावर कळलं. भूक लागलेली, बस चुकलेली, आणि तरी आतून घाई होत नव्हती. रागही येत नव्हता. मी स्वभावानं तापट आहे, म्हणून हे मला देवाचंच काम वाटतं.

दाखला हातात आला. आणि मग इकडचं सुरू झालं, त्यात स्पेलिंगचं. महाराष्ट्राचा दाखला मराठीत आणि इंग्रजीत असतो, इकडचं रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधारवर कन्नड आणि इंग्रजी. एकाच माणसाचं आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे, कुठं इंग्रजीत शेवटी एक ए जास्त, कुठं मधलं अक्षर वेगळं. कॉम्प्युटरला ती तीन वेगळी माणसं दिसतात. परत प्रतिज्ञापत्र, की ही तिन्ही नावं एकाच माणसाची. नाडकचेरीचा फॉर्म कन्नडमध्ये होता तो अक्कांनी भरला, उत्पन्नाचा दाखला आधी काढावा लागला, मग विधवा वेतनाचा अर्ज गेला.

ह्या सगळ्या काळात शुक्रवारच्या तासात अक्का वहिनींसाठी कन्नडमध्ये प्रार्थना करायच्या आणि आम्ही मराठीत. आपल्या गावात बोर्डांवरून, बसवरून, भाषेवरून काय काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. मी मराठी आहे आणि माझी भाषा मला प्रिय आहे. पण एका कन्नड बाईनं एका मराठी विधवेचं नाव कन्नडमध्ये घेऊन डोळ्यांतून पाणी काढलेलं मी जवळून बघितलंय. आमच्या बेळगावात लंडन मिशनचे मिशनरी जोसेफ टेलर 1820 साली आले, तेव्हापासून इथल्या मंडळ्या दोन्ही भाषांत वाढल्यात, हे आमच्या तरुणांना मुद्दाम सांगायला पाहिजे.

वहीत एक नाव असं होतं जे आम्हाला माहीतच नव्हतं, तिथं आम्ही लिहिलं, खिडकीवरचा माणूस. एका कचेरीत एक क्लार्क वहिनींना सारखं उद्या या म्हणायचा, खूप तोडून बोलायचा. एका शुक्रवारी आमच्यातली एक जण प्रार्थनेत म्हणाली, प्रभू त्या माणसाला चांगला धडा शिकव. आत्यांनी तिथंच थांबवलं. त्या म्हणाल्या आपण इथं कैवार घ्यायला बसतो, कुणावर फिर्याद करायला नाही, देव सदोम गावाचा नाश करणार होता तेव्हा अब्राहाम त्या गावासाठी देवाशी बोलला, 50 नीतिमान असतील तर, 45 असतील तर, असं करत 10 पर्यंत खाली आला, आणि सदोम काही चांगलं गाव नव्हतं. मग त्या क्लार्कसाठी, त्याच्या घरासाठी, त्याच्यावर असेल त्या कामाच्या ओझ्यासाठी प्रार्थना झाली. पण म्हणून आम्ही गप्प बसलो असं नाही. वकिलांनी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक कागदाची पोच घेतली, किती दिवसांत काम व्हायचं ते लेखी विचारलं, आणि पैसे मागणाऱ्या त्या मधल्या माणसाला वहिनींनी स्वतः सांगितलं की पावती देणार असाल तर देते. तो परत आला नाही. लूकच्या 18 व्या अध्यायातली विधवा बघा, न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही, तरी ती त्याच्याकडं जायची थांबत नाही. येशूनं ही गोष्ट सांगितली ती सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये म्हणून, आणि त्यासाठी त्यानं निवडली ती कचेरीत चकरा मारणारी बाई. माणसासाठी प्रार्थना करणं आणि त्याच्या चुकीच्या वागण्याबद्दल लेखी विचारणं ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट प्रार्थना केलेली असली की विचारताना आवाज चढत नाही.

सगळ्यात अवघड होतं जमिनीचं. खानापूर तालुक्यात सासऱ्यांच्या नावावरची थोडे गुंठे जमीन, नवऱ्याचा वाटा होता, पण दीर म्हणत होते की नाव लावायची काय गरज, मी देतोय की भात दरवर्षी. वकिलांनी सांगितलं 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं, त्यात कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. पण कोर्टात गेलं तर वर्षं जातील आणि घर तुटेल. वहिनींना दोन्ही नको होतं. तेव्हा आम्ही फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचलं. एवढंसं पत्र आहे. पौल तुरुंगात, पळून आलेला दास अनेसिम त्याच्याजवळ, आणि तो त्याच्या मालकाला लिहितो. हुकूम करू शकलो असतो पण प्रीतीनं विनवतो म्हणतो, त्याला दास म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून घे म्हणतो, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबात मांड म्हणतो, मी फेडीन. दुसऱ्यासाठी रदबदली कशी करायची ते मला ह्या पत्रातून जास्त कळलं. समोरच्याचा मान ठेवायचा, मागणं स्पष्ट ठेवायचं आणि खर्च स्वतःवर घ्यायची तयारी ठेवायची.

वहिनींनी दिरांना पत्र लिहिलं, आपल्या शब्दांत, मी फक्त शेजारी बसले. त्यात लिहिलं की भावोजी तुम्ही आमचं बघता ते मी विसरले नाही, पण मुलं मोठी झाल्यावर त्यांनी तुमच्याकडं हात पसरू नये म्हणून त्यांच्या बापाचा वाटा होता तिथं आमची नावं लागू देत. फेरफाराचा जो खर्च येईल तो द्यायचं आमच्या महिला मंडळानं आधीच ठरवलं होतं. मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो, चहा झाला, बराच वेळ कुणी विषय काढेना. दीर वाईट माणूस नाहीत. त्यांची भीती वेगळी होती, की नाव लागलं आणि वहिनीच्या माहेरच्यांनी जमीन विकायला लावली तर वडिलांची खूण जाईल. हे आम्हाला त्या दिवशीच कळलं, वहीत त्यांचं नाव इतके दिवस होतं तरी. वहिनी म्हणाल्या मी विकत नाही, विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला सांगेन. ते म्हणाले विचार करून सांगतो. आम्ही उठलो. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, मध्ये कितीतरी आठवडे काही कळवलं नाही, आणि मग एक दिवस त्यांनीच फोन केला की वंशावळीचे कागद घेऊन या, पंच म्हणून गावातले दोघं सांगून ठेवलेत. आमच्याकडं ह्याला प्रार्थनेचं उत्तर म्हणतात आणि मीही तसंच मानते.

ह्या सगळ्यात मला पंडिता रमाबाईंची फार आठवण यायची. त्यांचा जन्म 1858 चा, आत्ताच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात, म्हणजे ही मराठी बाई जन्मानं ह्या बाजूची. लोक 1905 सालचं केडगावच्या मुक्ती मिशनमधलं प्रार्थनेचं संजीवन, म्हणजे तिथं उसळलेली प्रार्थनेची लाट, सांगतात, मुली कशा तासन् तास दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायच्या ते सांगतात, आणि ते सांगायलाच पाहिजे. पण त्याच्या आधी दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या होत्या, आणि त्याच्याही आधी, बाप्तिस्मा व्हायच्या आधी, 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढं बायकांना शिकवायला बायका आणि तपासायला बाई डॉक्टर पाहिजेत म्हणून साक्ष दिली होती. तिथं कमिशनपुढं आणि इथं देवापुढं, एकाच बाईचं तोंड. प्रार्थनेची रमाबाई वेगळी आणि कामाची वेगळी असं करून जे सांगतात त्यांनी एकदा त्यांचं आयुष्य सलग वाचावं.

वहिनींचं विधवा वेतन मंजूर झालं, महिन्याला 800 रुपये. आकडा लहान आहे, दोन मुलांच्या घरात 800 रुपयात काय होतं हे सांगायला नको. पहिले पैसे यायलाही उशीर झाला कारण आधार दुसऱ्याच एका जुन्या खात्याला जोडलेलं निघालं, ते बँकेत जाऊन बदलून घ्यावं लागलं. पैसे आल्याचा मेसेज आला त्या दिवशी वहिनींनी अक्कांच्या घरी येऊन सांगितलं, आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी बँकेत मी एकटी जाते, मला आता खिडकी माहीत झाली. त्या अजूनही चर्चला येत नाहीत, श्रावणात त्यांचे उपास असतात, आमचा शुक्रवारचा असतो, आणि कधी कधी त्या स्वतः विचारतात की ह्या शुक्रवारी अमक्या बाईचं नाव घालाल का, तिला विचारून आले मी.

जमिनीची नोटीस लागलीय, हरकतीची मुदत चालू आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या मुख्य बाईला मिळणारे 2000 रुपये मात्र अजून मिळत नाहीत, कारण रेशन कार्डावर घरची मुख्य म्हणून सासूबाईंचं नाव आहे आणि त्या वारून बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव कमी करायला त्यांचा मृत्यूचा दाखला पाहिजे, आणि तो कधी काढलाच नव्हता. त्या गावातच वारल्या म्हणून ह्या वेळी हद्द ओलांडायची नाही, खानापूरलाच काम आहे, पण वर्षं उलटून गेलीत म्हणून मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागणार. वकिलांनी अर्ज तयार केलाय, मंगळवारी वहिनी, त्यांचे दीर आणि अक्का जाणार आहेत, मला फाउंड्रीत ऑडिट आहे म्हणून मी ह्या वेळी आत्यांच्या घरी प्रार्थनेला बसणार, सकाळी दहापासून, पहिला मिस कॉल येईपर्यंत आणि त्याच्यानंतरही. ज्यांना जमेल त्यांनी त्या वेळी वहिनींसाठी, दिरांसाठी आणि तिथल्या साहेबांसाठी आपापल्या घरी प्रार्थना करावी.